कूटचा पराभव आणि उघड झालेला अहवाल

29 एप्रिल 1916. टायग्रिस नदीच्या काठी, कूट-अल-अमारा इथे 147 दिवसांच्या वेढ्यानंतर जनरल टाउनशेंड यांच्या फौजेने तुर्कांपुढे शस्त्रे ठेवली. सुमारे 13 हजार माणसे कैद झाली. ही फौज म्हणजे सहावी, अर्थात पुणे डिव्हिजन. 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी तिच्यातच होत्या. आपला परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि निजामाने पहिल्या महायुद्धासाठी ब्रिटिशांना लाखो रुपये दिले होते. माणसे आणि पैसा असे दोन्ही आपल्या भागातून गेले. म्हणून या पराभवाचा जाब कोणी कोणाला विचारला, हे आपण जाणून घ्यायला हवे.

1914 मध्ये ब्रिटिशांनी बसरा घेतले ते मुख्यतः इराणी आखातातले तेल सुरक्षित राहावे म्हणून. सोपे विजय मिळत गेले, तशी मोहिमेचे सेनापती जनरल निक्सन यांना बगदादची ओढ लागली. रस्ते नाहीत, रेल्वे नाही, सगळा पुरवठा नदीतून. आणि बोटी मात्र अपुऱ्या. नोव्हेंबर 1915 मध्ये टेसिफोनच्या लढाईत चार हजारांहून अधिक सैनिक ठार वा जखमी झाले. जखमींना पुरेशा मलमपट्टीविना, घाणीत लोळत बोटीतून बसऱ्याला आणले गेले. हे वरिष्ठांना कळवणाऱ्या मेजर कार्टर या डॉक्टरलाच अटकेची धमकी मिळाली. पुढे कूटच्या वेढ्यात घोड्याचे मांस खायची वेळ आली. धर्म बाटेल म्हणून अनेक हिंदी शिपायांनी ते कित्येक आठवडे नाकारले आणि स्कर्व्हीने ते खंगत गेले. वेढ्यात अडकलेल्यांना सोडवायला निघालेल्या फौजेचे सुमारे 23 हजार सैनिक ठार वा जखमी झाले.

ऑगस्ट 1916 मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. जून 1917 मध्ये, युद्ध चालू असतानाच, अहवाल प्रसिद्ध झाला. सर्वाधिक दोष निक्सन यांच्यावर ठेवला गेला. त्यांच्या पाठोपाठ व्हाइसरॉय हार्डिंग, सरसेनापती डफ आणि थेट भारतमंत्री चेंबरलेन यांचीही नावे आली. खटला कोणावरही चालला नाही. पण चेंबरलेन यांनी राजीनामा दिला, हिंदुस्थान सरकारच्या कारभारावर कडक टीका करणारे माँटेग्यू भारतमंत्री झाले आणि 20 ऑगस्ट 1917 रोजी त्यांनी हिंदुस्थानला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली.

आता स्वतंत्र भारताचे पाहा. 1962 च्या चीन युद्धानंतर लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी पराभवाची चौकशी केली. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांनी सप्टेंबर 1963 मध्ये तिचा गोषवारा संसदेत मांडला. मूळ अहवाल मात्र सरकारने आजतागायत अधिकृतपणे खुला केलेला नाही. परक्या साम्राज्याने ऐन युद्धात आपल्या चुका छापल्या. साठ वर्षांनंतर तेवढे धैर्य लोकशाही सरकारने दाखवायलाच हवे. तो अहवाल प्रसिद्ध करा. हिमालयात पडलेल्या जवानांचे हे देणे आपण अजून फेडलेले नाही.