आधी एनसीसी बघा, शहर नंतर

रिसोडच्या एका पालकांचा प्रश्न प्रवेशाच्या दिवसांत निकडीचा आहे. मुलाला लष्करात अधिकारी व्हायचंय, एनडीएची लेखी परीक्षा हुकली. आता पदवीसाठी त्याला वाशिमलाच ठेवावं की पुण्याला पाठवावं? माझ्या मते शहराचा विचार नंतर, आधी त्या महाविद्यालयातली एनसीसी बघावी. अमेरिकेत आरओटीसी, म्हणजे विद्यार्थ्यांना लष्करी अधिकारी घडवणारं प्रशिक्षण, असलेल्या विद्यापीठातून पदवीसोबत कमिशनही मिळू शकतं. आपलं महाविद्यालय कमिशन देत नाही, पण एनसीसी स्पेशल एंट्रीची वाट मोकळी करून देऊ शकतं. 'सी' प्रमाणपत्र किमान बी श्रेणीत असेल आणि पदवीला 50 टक्के गुण असतील, तर पदवीधरांसाठीची सीडीएसची लेखी परीक्षा न देता थेट एसएसबीसाठी, म्हणजे अधिकारी निवड मंडळाच्या मुलाखतीसाठी, अर्ज करता येतो. निवड झाली की चेन्नईची अधिकारी प्रशिक्षण अकादमी. मुलींनाही ही वाट खुली आहे, मात्र त्यांच्या जागा फारच थोड्या.

आता 'सी' मिळतं कसं ते बघा. दोन वर्षांनी 'बी', तिसऱ्या वर्षी 'सी', आणि त्यासाठी कवायतीची हजेरी भरलेली हवी, शिबिरं झालेली हवीत. म्हणजे नाव पहिल्याच वर्षी लागलं पाहिजे. नेमकं इथेच मोठ्या शहराचं गणित उलटं फिरतं. एका प्लाटूनमध्ये छात्र पन्नासच्या आसपास, आणि तेही तीन वर्षांत विभागलेले. नव्या मुलांच्या वाट्याला दरवर्षी पंधरा-वीस जागा. विद्यार्थी हजारोंनी असले म्हणून या जागा त्या प्रमाणात वाढत नाहीत, निवडीच्या धावण्यातली गर्दी तेवढी वाढते. पुण्यात प्रवेश मिळाला आणि एनसीसीत नाव लागलं नाही, तर ज्यासाठी घर सोडलं तेच हातचं गेलं.

यावर कुणी म्हणेल, शहरात इंग्रजी सुधारतं, क्लास मिळतात. खरं आहे, आणि एसएसबीत इंग्रजीचा उपयोगही होतो. पण ती तयारी पदवीनंतरही करता येते. नाशिक रोडला राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे एसएसबीचं प्रशिक्षण मोफत मिळतं. आणि त्याच्या पात्रतेत काय येतं? ए किंवा बी श्रेणीतलं 'सी' प्रमाणपत्र आणि एनसीसी ग्रुप मुख्यालयाची शिफारस! इंग्रजीची उणीव अशी मागाहून भरून काढता येते. हुकलेलं एनसीसीचं पहिलं वर्ष कुठलाही क्लास परत देत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: लहान गावातली एनसीसी अनेकदा नावापुरतीच असते. हे मला मान्य आहे, म्हणूनच पाटी बघून भुलू नये. एएनओ म्हणजे एनसीसी सांभाळणारे प्राध्यापक प्रशिक्षित आहेत का, हे आधी विचारा. हे प्रशिक्षण आपल्या विदर्भातच, नागपूरजवळच्या कामठीला होतं. प्रशिक्षित माणूस नसेल तर केअरटेकरवर काम चालतं. काही केअरटेकर जीव ओतून करतातही, पण विचारून घेतलेलं बरं. मग गेल्या तीन वर्षांत 'सी'ला किती छात्र बसले आणि किती जणांना ए किंवा बी श्रेणी मिळाली, ते विचारा. उत्तर गुळमुळीत आलं, तर मंगरुळपीर, कारंजा, अकोला अशी चौकशी पुढे न्या. अकोल्यातही समाधान झालं नाही तर मात्र पुणं जरूर बघा. हवाई दलाच्या उड्डाण शाखेचं वेगळं आहे: तिथल्या एनसीसी एंट्रीला एअर विंगचंच 'सी' चालतं, बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागतं. एअर विंग मोजक्याच ठिकाणी असते, त्यामुळे त्या मुलाला घर सोडावंच लागेल.