पिंजऱ्याबाहेरचे घुबड

घुबड दिसले की गावाकडे आजही लोक अपशकुन मानतात. ज्या समाजाच्या सावलीचाही एकेकाळी विटाळ मानला गेला, त्या समाजाने तरी कोणत्याही जिवाला अशुभ म्हणू नये. म्हणून आज आम्ही एका घुबडाचीच हकिकत सांगणार आहोत.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क प्राणिसंग्रहालयात फ्लॅको नावाचे एक मोठे घुबड होते. २०१० साली ते बंदिवासातच जन्मले. पंखांचा पसारा सुमारे सहा फूट, पण पिंजरा एवढासा की मोकळे उडणे ठाऊकच नाही. २ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री कोणीतरी पिंजऱ्याची जाळी कापली आणि फ्लॅको बाहेर पडले. याला शिकार कोणी शिकवली नाही, हे उपाशी मरेल, अशी भीती जाणकारांनी व्यक्त केली. आमिष दाखवून पकडण्याचे प्रयत्न झाले. पण दोन-अडीच आठवड्यांच्या आतच फ्लॅको स्वतः उंदीर मारून खाऊ लागले! अखेर प्राणिसंग्रहालयाने पाठलाग सोडला. पुढे वर्षभर ते त्या महानगरात मोकळे जगले.

माणसाची पक्ष्याशी बरोबरी आम्ही करीत नाही. आम्ही बोलतो आहोत ते पिंजऱ्याविषयी. 'यांना जमणार नाही' हे वाक्य आम्हाला चांगले ओळखीचे आहे. पिढ्यान्‌पिढ्या कोंडून ठेवायचे आणि मग उडता येत नाही म्हणून लायकी काढायची, हा मनुवादी न्याय आजही राखीव जागांच्या प्रत्येक चर्चेत ऐकू येतो.

त्याच न्यूयॉर्कमध्ये जुलै १९१३ मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथे ते वाचनालयात मुक्तपणे बसले, सर्वांबरोबर जेवले, विद्वान झाले. १९१७ साली नोकरीसाठी ते बडोद्याला गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी खानावळीतून त्यांना हुसकावून लावले गेले. माणूस तोच, विद्वत्ता तीच. पण भोवती पुन्हा पिंजरा उभा होता.

फ्लॅकोची हकिकत मात्र इथे संपत नाही. २३ फेब्रुवारी २०२४ रोजी एका इमारतीखाली ते जखमी अवस्थेत सापडले आणि मरण पावले. शवविच्छेदनात आढळले की, त्यांच्या शरीरात उंदीर मारण्याची चार प्रकारची विषे होती; कबुतरांपासून जडलेला जीवघेणा विषाणूही होता. ज्या उंदरांवर ते जगले, त्याच उंदरांतून शहराचे विष त्यांच्या अंगात भिनले.

यावर कोणी म्हणेल, मग पिंजराच बरा होता. आम्हाला हे मान्य नाही. विष स्वातंत्र्याने घातले नव्हते, शहराने घातले होते. विष काढायचे सोडून जिवाला पुन्हा कोंडणे, हा कुठला उपाय?

बाबासाहेबांनी हे पुरते ओळखले होते. जातीने पोखरलेल्या गावाचे गोडवे त्यांनी कधी गायले नाहीत. पण 'बाहेर पडा' एवढे सांगून ते थांबलेही नाहीत. निजामी राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या मराठवाड्यात १९५० साली त्यांनी औरंगाबादेत महाविद्यालय उभे केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. वस्तीतल्या पोरांना दार उघडून दिले आणि उतरायला फांदीही दिली.

आज परभणी, गंगाखेड, जिंतूरची मुले रात्रीच्या गाडीने पुण्या-मुंबईला जातात. तिथे आडनाव विचारून खोली नाकारली जाते. वसतिगृहाची यादी लागत नाही, शिष्यवृत्ती वेळेवर हाती पडत नाही. आणि आपल्याच जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यातील भाऊचा तांडा येथे मे २०२३ मध्ये सेप्टिक टँक साफ करताना पाच कामगार गुदमरून मेले. अशा कामाला बंदी घालणारा कायदा २०१३ पासून आहे. विष फक्त न्यूयॉर्कमध्येच आहे असे नाही.

तेव्हा बांधवांनो, मुलाला गाडीत बसवून आपले काम संपत नाही. शहरात आधी पोचलेल्यांनी नव्याने येणाऱ्यासाठी आपल्या घराचे दार उघडावे, आणि आपण सर्वांनी मिळून वसतिगृहाचा, शिष्यवृत्तीचा, कामगाराच्या जिवाचा हिशेब सरकारकडे मागावा. उडण्याची ताकद आमच्या मुलांत आहेच. ती जगली पाहिजेत, ही जबाबदारी आपली आहे.

जयभीम!