पक्षाघातानंतरचे पुनर्वसन : सुई आणि सराव यांची सांगड

पक्षाघाताचा रुग्ण रुग्णालयातून घरी परतला की "चिनी सुयांनी हात पुन्हा चालेल का?" हा प्रश्न कोरगाव परिसरात मला हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपणा सर्वांस ठाऊक आहेत. १९३८ साली ते ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातील डॉ. विजयकुमार बसू यांनी पुढे तेथे अ‍ॅक्युपंक्चर शिकून १९५९ मध्ये ते कोलकात्यात आणले. २०१९ साली केंद्र शासनाने त्यास स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. परंतु शासकीय मान्यता म्हणजे गुण येण्याची हमी नव्हे.

२०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात ३१ चाचण्या व २२५७ रुग्ण यांचा विचार झाला. रुग्णाचे परावलंबित्व काहीसे कमी होत असावे, असे त्यात दिसले. तथापि बहुतेक चाचण्यांचा दर्जा अपुरा असल्याने सरसकट शिफारस करण्यात आली नाही.

मेंदूचा मृत झालेला भाग पुन्हा जिवंत होत नाही. सरावाने उरलेले भाग त्याचे काम शिकतात. हे शिकणे पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक वेगाने होते. म्हणून फिजिओथेरपी हाच पुनर्वसनाचा कणा होय. सुईने खांद्याचे दुखणे कमी होऊन रुग्ण अधिक व्यायाम करू शकला, तर ती सांगड उपयुक्त ठरते. सुईच्या भरवशावर व्यायाम सुटला, तर मोलाचे महिने वाया जातात.

काही पथ्ये कटाक्षाने पाळावीत. सुया निर्जंतुक व एकदाच वापरण्याच्या असाव्यात. रक्त पातळ करणारी औषधे किंवा पेसमेकर असल्यास तसे आधी सांगावे. पेसमेकर असता विजेच्या सुया टाळाव्यात. रक्तदाबाच्या गोळ्या स्वतःहून थांबवू नयेत.

आणि झटका येताच तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही दिसल्यास सुई वा तेलमालीश यांत वेळ न दवडता थेट रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन योग्य रुग्णास साडेचार तासांच्या आतच देता येते.

आपला रुग्ण श्रीकमळेश्वराच्या देवळापर्यंत स्वतःच्या पायांनी जावा, असे प्रत्येक घरास वाटते. त्या वाटेवर सुई सोबतीला असू शकेल. चालावे मात्र रुग्णालाच लागेल.