बूटमध्ये जागा नाही

काळ्या पडद्यावरच्या शेवटच्या ओळींत ‘अननोन-ब्लॉक (0,0)’ असं काहीतरी होतं आणि त्यापुढे काहीच हलत नव्हतं. कर्नलला मुख्य फाइलसिस्टिम सापडली नव्हती, म्हणून त्याने हात टेकले होते. यालाच कर्नल पॅनिक म्हणतात.

“मामा, डिस्क गेली. फॉरमॅट मार आता,” भाची म्हणाली.

लॅपटॉप तिचा, 2012च्या सुमाराचा, चार जीबी रॅमचा. विंडोज 11ला टीपीएम 2.0 लागतं, ते याच्यात नाही, म्हणून त्यावर डेबियन घातलेलं. 12वरून 13वर नेताना हे झालं. (डेबियनच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’तल्या पात्रांची नावं देतात. 12 बुकवर्म, ऑगस्ट 2025मध्ये आलेली 13 ट्रिक्सी. नाव गोड असलं म्हणून पॅनिक टळत नाही.)

फॉरमॅट मारायला माझा विरोध असतो, कारण त्यात बिघाडाबरोबर त्याचं कारणही पुसलं जातं. शिवाय डिस्क गेली असेल, तर कर्नल निवडून देणाऱ्या ग्रबचा मेनू आला कुठून? कर्नल तरी कुठून आला?

या डिस्कवर एन्क्रिप्शन आहे. त्यामुळे बूटचं पार्टिशन वेगळं आणि उघडं ठेवलेलं, जेमतेम अडीचशे एमबीचं. प्रत्येक कर्नलसोबत तिथे एक इनिट्रॅमएफएस असतं. सुरुवातीला मेमरीत चढणारी ही छोटीशी व्यवस्था. डिस्कचे ड्रायव्हर आणि कुलूप उघडणारा प्रोग्रॅम तिच्यातच असतात. नवा 6.12 कर्नल बूटमध्ये उतरला होता, पण त्याचं इनिट्रॅमएफएस तयारच झालं नव्हतं. किल्ली आत राहून दार ओढलं गेल्यासारखी त्याची गत.

ग्रबच्या ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जुना 6.1 शाबूत होता. तो निवडला, त्याने पासफ्रेज विचारला. डेस्कटॉप आला नाही, नुसता लॉगिन आला, पण कामाला तेवढा पुरे. एपीटीच्या लॉगमध्ये शेवटी एरर्सची रांगच होती: हे पॅकेज त्याच्यावर अवलंबून, ते आणखी कशावर. ही रांग खालून वाचणारा प्रत्येक पॅकेज वेगळं दुरुस्त करत बसतो. वर सरकत पहिली एरर गाठली: ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. डीएफ चालवून पाहिलं, तर बूट शंभर टक्के भरलेलं. 6.1चे जुने-जुने कर्नल तिथे मुक्काम ठोकून होते.

फाइली हाताने उडवायचा मोह होतो, तो आवरावा. एपीटीच्या खाली काम करणाऱ्या डीपीकेजीच्या नोंदीत कर्नल ‘आहे’ आणि डिस्कवर ‘नाही’, असा नवा घोळ होतो. एपीटी मात्र अर्धवट पॅकेजांमुळे काहीच काढू देईना. म्हणून आधी ‘युनेम -आर’ने आपण कोणत्या कर्नलवर उभे आहोत ते पाहिलं, त्याला हात लावला नाही, आणि त्याहून जुने डीपीकेजीनेच पर्ज केले. मग ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’. आता अडकलेली पॅकेजं एकामागून एक मार्गी लागली. मधूनच एखाद्या कॉन्फिग फाइलवर डीपीकेजी थबकून विचारतं, आपली जुनी ठेवायची की नवी घ्यायची. इथे फरक बघितल्याशिवाय एंटर दाबू नये. नंतर ‘--फिक्स-ब्रोकन’ आणि राहिलेलं अपग्रेड.

पार्टिशन मात्र तेवढंच राहिलं. मोठं करायचं तर शेजारचं एन्क्रिप्टेड पार्टिशन सरकवावं लागतं, आणि या वयाच्या डिस्कवर मी ते करणार नाही. त्याऐवजी इनिट्रॅमएफएसच्या सेटिंगमध्ये ‘मॉड्यूल्स’पुढचं ‘मोस्ट’ काढून ‘डेप’ केलं, म्हणजे फक्त याच यंत्राला लागणारे ड्रायव्हर आत जातात. फाइल बरीच लहान झाली आणि दोन कर्नल सहज मावले. तोटा एवढाच, की उद्या ही डिस्क दुसऱ्या लॅपटॉपमध्ये घातली तर बूट होईलच असं नाही. हे भाचीला सांगितलं. ती म्हणाली, “दुसरा लॅपटॉप कोण घेऊन देतंय?”