गाठ लपवू नका

आळ्याच्या मायबहिणींनो, स्तनात गाठ लागली तर लाजेने लपवू नका. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही.

गाठ काढताना रोग अंगात पसरू नये म्हणून काय करावे, याचा शोध मुंबईच्या टाटा रुग्णालयातील शल्यविशारद डॉ. राजेंद्र बडवे यांनी घेतला. दात काढताना टोचतात तेच बधिरतेचे स्वस्त औषध शस्त्रक्रियेआधी काही मिनिटे गाठीभोवती टोचले. २०११ पासून १६०० स्त्रियांवर पारख झाली. निम्म्यांना इंजेक्शन, निम्म्यांना नाही. निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला: पाच वर्षांनी इंजेक्शनवाल्या शंभरात ९० जिवंत, इतर ८६.

पण हा लाभ वेळेवर येणारीलाच. आळेफाट्याचा कांदाबाजार पुढच्या खेपेला करता येईल. गाठ मात्र आजच डॉक्टरांना दाखवा.