दप्तर घ्या, बकऱ्या द्या! गावच्या शाळेसाठी बोलू लागलेले आईबाप

ऑक्टोबर २०२२ मधली गोष्ट. नाशिक जिल्हा परिषदेवर एक मोर्चा आला आणि मोर्चात मुलांसोबत चक्क बकऱ्या होत्या. इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची ही मुलं. धरणासाठी घरदार सोडावं लागलेल्या वस्तीतली. पट कमी म्हणून त्यांची शाळा बंद करून त्यांना दुसऱ्या शाळेत जायला सांगितलं होतं. आईवडिलांना घेऊन मुलं थेट जिल्हा मुख्यालयात पोहोचली आणि म्हणाली, आमची दप्तरं जमा करून घ्या, बदल्यात बकऱ्या द्या.

मोबाइलवर ही बातमी पाहून तेव्हा अनेकांनी कौतुकानं ती पुढे पाठवली असेल. मीही पाठवली होती. पण त्या बकऱ्यांमागचा हिशेब मला बऱ्याच उशिरा कळला. वस्तीवरची शाळा बंद झाली की तिथल्या मुलाला दोनच वाटा उरतात, रोजची लांबची पायपीट किंवा घरच्या जनावरांमागे रानात. मुलांनी दुसरी वाट सरकारच्या दारात आणून उभी केली होती, इतकंच.

शाळा बंद करणाऱ्या कागदावर 'पैसे नाहीत' असं कधीच लिहिलेलं नसतं. तिथे समायोजन असतं, विलीनीकरण असतं, समूह शाळा असते. उत्तर प्रदेशात त्याला 'पेअरिंग' म्हणतात. शब्द इतके गुळगुळीत, की आपल्या मुलाची शाळा जातेय हे कळायलाच पालकांना वेळ लागतो.

महाराष्ट्राचे आकडे पाहा. २०२२ मध्ये शिक्षण खात्यानं २० पेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली, तेव्हा अशा १४,७८३ शाळा निघाल्या. त्यांत १,८५,४६७ मुलं आणि २९,७०७ शिक्षक. म्हणजे एका शाळेत सरासरी बारा-तेरा मुलं आणि दोन शिक्षक. शाळेवरचा बहुतेक खर्च पगाराचा असतो, त्यामुळे तिजोरी सांभाळणाऱ्या माणसाची नजर इथेच अडकते. देशभरातही हाच कल दिसतो. २०१४-१५ मध्ये देशात ११ लाख ७ हजार सरकारी शाळा होत्या, २०२३-२४ मध्ये त्या १० लाख १७ हजारांवर आल्या. नऊ वर्षांत जवळजवळ नव्वद हजार शाळा कमी!

अधिकाऱ्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही, हेही सांगायला हवं. चौथीत एकच मुलगी असेल तर ती कोणाशी स्पर्धा करणार आणि कोणाशी खेळणार? कबड्डीचे दोन संघही होत नाहीत अशा शाळेत. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा, वाचनालय, खेळाचा शिक्षक देता येतो. नंदुरबारमधल्या तोरणमाळची आणि पुण्याजवळच्या पानशेतची समूह शाळा हे नमुने म्हणून दाखवले जातात ते यासाठीच. मुलांना न्यायला-आणायला गाडी, चांगली इमारत, पुरेसे शिक्षक. कोणत्या आईला हे नको असेल?

प्रश्न गाडीचा आहे. ती पहिल्या वर्षी येते. पावसाळ्यात रस्ता खचला की? कंत्राटदाराचं बिल थकलं की? शाळा लांब असलेल्या मुलांसाठी केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेत प्रवासभत्त्याची तरतूद आहे, वर्षाला मुलामागे सहा हजारांपर्यंत. शाळा सुरू होते जूनमध्ये आणि भत्त्याचे पैसे येतात सरकारी गतीनं. मधल्या महिन्यांत रोज मजुरीवर जाणारी आई पदरचे पैसे घालेल की पोरीला म्हणेल, 'राहू दे, धाकट्याला सांभाळ'? सातारा जिल्ह्यातल्या खिरखंडीच्या मुली कोयनेच्या जलाशयातून स्वतः होडी वल्हवत शाळेला जात होत्या. २०२२ च्या सुरुवातीला मुंबई उच्च न्यायालयानं त्याची स्वतःहून दखल घेतली, म्हणून आपल्याला कळलं. अशा किती होड्या कोणाला दिसल्याच नाहीत!

याच कारणासाठी २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याखालच्या नियमांनी अंतर ठरवून दिलं. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. मुलगी शाळेत टिकते की नाही, हे बहुतेक वेळा या एका किलोमीटरवर ठरतं.

सीतापूरची ५१ मुलं

आता उत्तर प्रदेशात या. १६ जून २०२५ ला तिथल्या सरकारनं कमी पटाच्या प्राथमिक शाळा जवळच्या शाळांना जोडण्याचा आदेश काढला. सुट्टी संपवून मुलं आली तर त्यांची शाळाच दुसऱ्या गावी गेलेली. सीतापूर जिल्ह्यातली ५१ मुलं आपल्या पालकांमार्फत अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठात गेली. ७ जुलैला एका न्यायमूर्तींच्या पीठानं याचिका फेटाळली.

सामान्य माणूस इथेच थांबतो. वकिलाची फी, बुडालेली मजुरी आणि वर गावातल्या पुढाऱ्याचे टोमणे. हे पालक थांबले नाहीत, त्यांनी अपील केलं. २४ जुलैला द्विसदस्यीय पीठानं सीतापूरपुरती परिस्थिती 'जैसे थे' ठेवायला सांगितलं. सरकारनं दिलेल्या कागदपत्रांत विसंगती आहे, हे कारण. त्यानंतर आठवडाभरात, ३१ जुलैला, राज्याच्या शिक्षणमंत्र्यांनी जाहीर केलं की एक किलोमीटरपेक्षा लांबच्या आणि पन्नासपेक्षा जास्त मुलांच्या शाळा जोडल्या जाणार नाहीत, तशा जोडल्या असतील तर पूर्ववत होतील.

एक किलोमीटर. कायद्याखालच्या नियमांत तो आकडा आधीपासूनच होता, पण सरकारकडून तो पुन्हा वदवून घ्यायला ५१ मुलांच्या आईबापांना कोर्टाची पायरी चढावी लागली.

छोट्या कात्र्या

शाळा बंद होणं डोळ्यांत भरतं, पण एरवी कात्री बारीक चालते. महाराष्ट्रात २०२३ च्या अखेरीस शालेय पोषण आहारात अंडं सुरू झालं. मुलं त्या दिवसाची वाट पाहू लागली. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं अंडी आणि साखर यांचा वेगळा निधी थांबवला आणि हा खर्च लोकसहभागातून करावा, असं सांगितलं. लोकसहभाग! ज्या वस्तीत आठवड्याचा बाजार उधारीवर होतो, तिथे वर्गणी मागायची कोणाकडे?

किंवा शाळेचं वार्षिक अनुदान घ्या. तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षेतून वर्षाला दहा हजार रुपये मिळतात. त्यातच खडू, फळा, हजेरीपट, वीजबिल, नळदुरुस्ती, स्वच्छतागृहाची सफाई. महिन्याला साडेआठशेसुद्धा पडत नाहीत. आपल्याकडच्या एका मुलाच्या ट्यूशनची फी त्याहून जास्त असते. वीज तोडली गेली की डिजिटल क्लासरूमचा पडदा भिंतीवर नुसता लोंबत राहतो. वर्गणी काढून बिल भरणारे शिक्षक सगळ्याच जिल्ह्यांत सापडतील.

शिक्षकांच्या बाबतीत तर धरसोडच झाली. मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या नव्या निकषांमुळे सहावी ते आठवीचा पट वीसपेक्षा कमी असलेल्या शाळांत त्या वर्गांसाठी शिक्षकच मंजूर होईना. मग सप्टेंबरात लहान शाळांतल्या दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी नेमायचं ठरलं, मानधन पंधरा हजार. शिक्षक रस्त्यावर उतरले, पालक सोबत आले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. या घोळात ज्या मुलाचं वर्ष गेलं, त्याला ते परत कोण देणार?

पट का घटतो, हा प्रश्न मात्र आपल्यालाही टोचतो. शिक्षक निवडणुकीच्या कामाला, सर्वेक्षणाला, ऑनलाइन माहिती भरायला जातो. वर्ग ओस पडतो. ऐपत असलेलं घर मुलाला व्हॅनमध्ये बसवून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत पाठवतं. पट घटला म्हणून शिक्षक कमी, शिक्षक कमी म्हणून आणखी पट घटतो. शेवटी ज्यांना व्हॅन परवडत नाही तेच उरतात, आणि त्यांचा आवाज कोणी ऐकत नाही. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणी 'सरकारी शाळा टिकल्या पाहिजेत' असं म्हणतात आणि मुलांना खासगी शाळेत घालतात. मीही त्यातलीच, म्हणून कोणावर बोट ठेवत नाही.

मग बोलायचं कुठे?

प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असावीच लागते. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. हे बहुतेकांना ऐकून माहीत असतं. फारसं माहीत नसतं ते पुढचं. समितीनं शाळेचा विकास आराखडा तयार करायचा असतो आणि शाळेला मिळणाऱ्या अनुदानाचा आधार तोच असावा, असं कायद्याचं कलम २२ सांगतं. म्हणजे 'आम्हाला वर्गखोली हवी, दुसरा शिक्षक हवा' हे मोर्चात ओरडून सांगण्याआधी कागदावर लिहून पाठवायचा अधिकार पालकांना आहे.

प्रत्यक्षात काय होतं? सभा झालेली नसते, प्रोसिडिंग बुक घरी येतं, चुलीपुढे बसलेली बाई सही करते किंवा अंगठा उमटवते. आराखडा कोणीतरी मागच्या वर्षीचाच उतरवून काढतो. उद्या त्याच वहीत 'समायोजनास समितीची हरकत नाही' असं एक वाक्य आलं तर तिला पत्ताही लागणार नाही. म्हणून सही करण्याआधी ठराव मोठ्यानं वाचून घ्यायचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीकडून वाचून घ्यायचा.

शाळा जोडण्याची कुणकुण लागली तर ग्रामसभेत ठराव करून त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यावी आणि पोच घ्यावी. नव्या शाळेचं अंतर मुलाच्या घरापासून मोजावं, जुन्या शाळेच्या फाटकापासून नव्हे. वाटेतला ओढा, हमरस्ता, जंगल हेही लिहावं, फोटो जोडावेत. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे गावाकडे सहसा जिल्हा परिषदेकडे, लेखी तक्रार करता येते आणि तिच्यावर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. तो पटला नाही तर राज्याच्या बालहक्क आयोगाकडे अपील. शाळेला किती निधी मंजूर झाला आणि किती आला, हे दहा रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात विचारता येतं, उत्तर तीस दिवसांत यायला हवं.

शहरात राहणाऱ्यांनी एवढं नक्की करावं. पुढच्या सुट्टीत गावी गेलात की शाळेवर एक चक्कर मारा. पट किती, शिक्षक किती, वीज आहे का, समितीवर कोण आहे, मागची सभा कधी झाली, हे विचारा. आणि घरात कोणी भावजय किंवा काकू समितीवर असेल, तर ते प्रोसिडिंग बुक एकदा तिच्यासोबत बसून वाचा.