दोन शब्दांनी चालणारी गुहा

संगणकाच्या पडद्यावर चित्र, ध्वनी वा हालचाल यांपैकी काहीही नसताना केवळ मजकूर वाचून आणि कळफलकावर आज्ञा टंकून जो खेळ खेळला जातो, त्याला टेक्स्ट अ‍ॅडव्हेंचर, म्हणजेच मजकुरी साहसखेळ, असे म्हणतात. खेळाडू कोठे उभा आहे, भोवती कोणत्या वस्तू आहेत आणि वाटा कोणत्या दिशांना जातात, हे संगणक दोन-चार वाक्यांत सांगतो. त्यावर खेळाडूने आपली कृती लिहायची आणि तिचा परिणाम वाचायचा. नवशिक्याला हे जुने खेळ विनाकारण निष्ठुर वाटतात, आणि काही अंशी ते तसे आहेतही. परंतु या प्रकाराचा उगम एका खऱ्या गुहेत आहे हे ध्यानात घेतले, तर त्या निष्ठुरतेची बरीचशी संगती लागते.

अमेरिकेतील केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह ही जगातील सर्वांत लांब ज्ञात गुहाप्रणाली असून तिच्या आजवर मोजलेल्या वाटांची लांबी ६८० किलोमीटरांहून अधिक भरते. मॅसॅच्युसेट्समध्ये प्रोग्रामर म्हणून काम करणारा विल क्राउथर हा हौशी गुहासंशोधकही होता आणि या प्रणालीतील बेडक्विल्ट नावाचा भाग त्याच्या पायाखालचा होता. घटस्फोटानंतर आपल्या मुलींना रमवण्यासाठी त्याने १९७५-७६ च्या सुमारास ‘अ‍ॅडव्हेंचर’ हा खेळ फोरट्रान भाषेत लिहिला आणि त्याचा भूगोल बेडक्विल्टवरूनच घेतला. १९७७ मध्ये स्टॅनफर्ड येथील डॉन वुड्स याने क्राउथरच्या संमतीने त्यात कोडी, खजिने आणि ३५० गुणांची मोजणी घालून तो वाढवला. पुढे प्रसिद्ध झाला तो हाच अवतार.

हा खेळ इंग्रजी ‘जाणतो’ ही समजूत नवशिक्याने प्रथम सोडावी. टंकलेल्या आज्ञेचा अर्थ लावणाऱ्या भागाला पार्सर म्हणतात, आणि ‘अ‍ॅडव्हेंचर’चा पार्सर ‘टेक लॅम्प’ यासारखे एक क्रियापद व एक नाम एवढेच ओळखतो. त्यातही तो प्रत्येक शब्दाची पहिली पाचच अक्षरे पाहत असल्याने ‘नॉर्थईस्ट’ पूर्ण लिहिले तर तो ते ‘नॉर्थ’ समजतो, म्हणून ईशान्येकडे जाण्यासाठी ‘एन-ई’ ही दोनच अक्षरे द्यावी लागतात. एमआयटीमध्ये १९७७ पासून घडत गेलेल्या ‘झॉर्क’ने लांब वाक्ये स्वीकारली, तरी तेथेही सभ्य संभाषण निरुपयोगीच ठरते. यामुळे शालेय इंग्रजी येणाऱ्या मराठी वाचकाला भाषेची अडचण फारशी भासत नाही. अडचण भासते ती वर्णन भरभर वाचून जाण्याच्या सवयीमुळे.

खरे साधन म्हणजे कागद आणि पेन्सिल. प्रत्येक ठिकाणासाठी एक चौकट काढून तिच्यापासून निघणाऱ्या वाटा रेघांनी जोडत जाणे, हा नकाशा काढण्याचा रूढ मार्ग होय. मात्र वुड्सच्या गुहेत उत्तरेकडे गेल्यावर दक्षिणेकडे वळून मूळ जागी परत येता येईलच असे नाही, कारण वाटा मध्येच वळतात. चक्रव्यूहातील खोल्यांचे वर्णन तर शब्दशः एकच असल्याने कोणती खोली कोणती, हे कळत नाही. तेथे प्रत्येक खोलीत एकेक वस्तू टाकून ठेवावी, म्हणजे वस्तूच खोलीची खूण बनते. परंतु एका वेळी सातच वस्तू बाळगता येत असल्याने खुणा लवकर संपतात.

उजेडाचेही तसेच आहे. दिव्याच्या बॅटरीला मर्यादा असते, आणि अंधारात चालणारा खड्ड्यात पडून मरण्याचा संभव असतो. हा धोका गुहेत फिरणाऱ्याच्या अनुभवाला धरून आहे, तर ‘झॉर्क’मधील अंधारात ग्रू नावाचा कल्पित प्राणी खेळाडूला खाऊन टाकतो. वुड्सच्या आवृत्तीत आरंभी सूचना हव्यात असे सांगणाऱ्याचे ५ गुण कापले जातात, पण त्याचा दिवा ३३० ऐवजी १००० चालींपर्यंत जळतो. नवशिक्याने हा सौदा निःसंकोच स्वीकारावा.

कोड्यांचा नमुना म्हणून पक्ष्याचे उदाहरण घेता येईल (ज्यांना ते स्वतः सोडवायचे असेल त्यांनी पुढील वाक्य वगळावे). हातात काळी काठी असताना पक्षी बिथरतो व पकडता येत नाही, ती खाली ठेवली की पिंजऱ्यात येतो, आणि पुढे वाट अडवणाऱ्या सापासमोर त्याला सोडले की सापाला पळवून लावतो. सापापुढे पक्षी ही योजना उलटी भासते. पण काठीबाबतचा संकेत वर्णनाकडे लक्ष देणाऱ्याला दिसण्याजोगा आहे.

अडून बसणे हा खेळाचाच भाग असला, तरी त्याला सीमा असावी. ‘झॉर्क’ विकणाऱ्या इन्फोकॉम कंपनीने अदृश्य शाईत छापलेल्या संकेतपुस्तिका काढल्या होत्या. विशेष पेन फिरवल्यावर उत्तरे एकेक करून उमटत, आणि प्रश्न वाचून रहस्य फुटू नये म्हणून त्यांत खेळात नसलेल्या गोष्टींविषयीचे खोटे प्रश्नही घातलेले असत. आज हे जुने खेळ ब्राउझरमध्येही खेळता येतात. तथापि १९९५ पासून दरवर्षी भरणाऱ्या मजकुरी खेळांच्या स्पर्धेत २००७ मध्ये पहिला आलेला ‘लॉस्ट पिग’, ज्यात खेळाडूला एका ओर्कच्या भूमिकेत हरवलेले डुक्कर शोधायचे असते, हा नवशिक्याच्या चुकांना पुष्कळच सहन करतो. म्हणून क्रम लावायचा झाला तर आधी डुक्कर शोधावे आणि मगच गुहेत उतरावे.